महानायकांची उसनवारी

दलित साहित्यावर आणि दलित चळवळीवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांत एक आक्षेप फार जुना आहे. तो असा की, यांचे सारे उसने आहे. 'पँथर' हे नाव अमेरिकेतून आणले, विद्रोहाची भाषा तिकडच्या काळ्या कवींकडून घेतली. मग यांचे स्वतःचे ते काय? हा प्रश्न विचारणारा स्वतः कोणाकडून काय घेऊन उभा आहे, हे सहसा विचारले जात नाही. मराठी साहित्याने कादंबरी इंग्रजीकडून घेतली, लघुकथा घेतली, सुनीत घेतले; त्याला 'प्रभाव' म्हटले, 'संस्कार' म्हटले. आमच्या वाट्याला मात्र शब्द आला तो 'नक्कल'.

एकाच क्रियेला अशी दोन नावे का पडतात, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. त्याचा शोध घेण्यासाठी मी जे क्षेत्र निवडले आहे, ते काही वाचकांना पोरकट वाटेल. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकन कॉमिक्स आणि त्यांतले महानायक. परंतु उच्च साहित्यात जी उसनवारी टीकाकारांच्या शब्दजालात झाकली जाते, ती येथे उघडी पडलेली आहे. येथे दावे लागले, निकाल झाले, कोणाला किती डॉलर मिळाले आणि कोणाचे नाव कोणी पुसले, हे सारे नोंदले गेले आहे. म्हणून हा इतिहास आपण तपासावा असे मला वाटते.

1

जून 1938 ही तारीख छापलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. अंकाची किंमत 10 सेंट. लेखक जेरी सीगल, चित्रकार जो शुस्टर. दोघेही ओहायओ राज्यातील क्लीव्हलँड शहरात वाढलेले, ज्यू स्थलांतरितांच्या घरांतले, जेमतेम 23 वर्षांचे. महानायकांचा इतिहास येथून सुरू होतो असे मानण्याची रीत आहे. पण हा पहिला पुरुषही कोऱ्या पाटीवर जन्मलेला नाही.

1933 पासून अमेरिकेतील स्वस्त कथामासिकांतून डॉक सॅव्हेज नावाचा नायक गाजत होता. त्याचे पहिले नाव क्लार्क. त्याला 'कांस्यपुरुष' म्हणत आणि उत्तर ध्रुवाकडे त्याचा 'एकांतदुर्ग' होता. सुपरमॅनचे व्यवहारातले नाव क्लार्क केंट, त्याची पदवी 'पोलादी पुरुष', आणि पुढे त्यालाही त्याच नावाचा दुर्ग त्याच बर्फात मिळाला. फिलिप वायली यांची 'ग्लॅडिएटर' ही कादंबरी 1930 ची. तिच्या नायकाच्या अंगात अचाट बळ आहे, तो लांबच लांब उड्या मारतो आणि गोळीने त्याला इजा होत नाही. दिवसा नेभळट आणि रात्री शूर हे सोंग 1905 च्या 'स्कार्लेट पिम्पर्नेल'मध्ये आहे, 1919 च्या झोरोमध्ये आहे. आणि नाश पावणाऱ्या लोकांतून एक मूल वाचवण्यासाठी त्याला पाळण्यात घालून सोडून देणे, ही तर टोपलीतल्या मोझेसची कथा. ज्यू घरांतल्या या दोन मुलांच्या ती कानावर असणारच.

एका वर्षाने, मे 1939 मध्ये, बॅटमॅन आला. त्याची पहिली कथा 'शॅडो' या नायकाच्या 1936 च्या एका कथेवर बेतलेली होती, आणि लेखक बिल फिंगर यांनी शॅडोचे ऋण पुढे मान्य केले. श्रीमंत घरच्या आळशी तरुणाचा मुखवटा झोरोकडून आला. जोकरचा ताणलेला ओठ 1928 च्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातील नट कॉनराड फाइट याच्या चेहऱ्यावरून आला.

यात कमीपणा काहीच नाही. नवे ते जुन्याच्या सामग्रीतून घडते. सीगल आणि शुस्टर यांचे कर्तृत्व असे की, त्यांनी या साऱ्या तुकड्यांना मंदीच्या काळातल्या गरिबाचा संताप जोडला. सुरुवातीचा सुपरमॅन आज ओळखू येणार नाही. 1938 मधल्या एका कथेत तो खाणमजुराच्या वेषात जातो आणि मालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुराचे जिणे काय असते ते दाखवतो. दुसऱ्या एका कथेत सरकारने नवी घरे बांधावीत म्हणून तो झोपडपट्टी जमीनदोस्त करतो. पुढे धंदा वाढला, मालक सावध झाले, आणि हाच नायक बँकेवर दरोडा घालणाऱ्यांना पकडणारा, मालमत्तेचा पहारेकरी झाला.

2

आता उसनवारीला 'चोरी' हे नाव कधी पडले ते पाहू. 1939 मध्ये फॉक्स नावाच्या प्रकाशकाने 'वंडर मॅन' काढला. तो उघड उघड सुपरमॅनवर बेतलेला होता. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी दावा लावला आणि 1940 मध्ये वरिष्ठ न्यायालयातही तो जिंकला. वंडर मॅन एका अंकातच संपला. ज्या सुपरमॅनच्या अंगावर डॉक सॅव्हेजचे नाव आणि झोरोचे सोंग होते, तो आता कायद्याने कोणाची तरी अनन्य मालमत्ता ठरला.

खरी लढाई झाली ती कॅप्टन मार्व्हलशी. फॉसेट या प्रकाशनाने हा नायक 1940 च्या सुरुवातीस आणला. लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक. बिली बॅटसन हा वर्तमानपत्रे विकणारा, भुयारी रेल्वेच्या स्थानकात निजणारा अनाथ मुलगा. एक म्हातारा जादूगार त्याला एक शब्द देतो, 'शझॅम'. तो उच्चारला की आकाशातून वीज पडते आणि पोराचा महानायक होतो. सुपरमॅनचे बळ जन्माने आलेले; तो दुसऱ्या ग्रहावर एका श्रेष्ठ वंशात जन्मला म्हणून समर्थ. बिलीकडे जन्माचे काहीच नाही, त्याच्याकडे एक शब्द आहे. चाळिशीच्या दशकात कॅप्टन मार्व्हलचे अंक सुपरमॅनपेक्षा जास्त खपत होते. रस्त्यावरच्या पोरांना आपले बळ कोणत्या कथेत दिसले असेल, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

1941 मध्ये दावा दाखल झाला आणि तो बारा वर्षे चालला. आधी फॉसेटच्या बाजूने निकाल लागला, 1951 मध्ये अपिलात तो फिरला, आणि 1953 मध्ये फॉसेटने चार लाख डॉलर देऊन तडजोड केली व आपले महानायक बंद केले. इंग्लंडमध्ये या अंकांचे पुनर्मुद्रण करणाऱ्याचा धंदा बसू लागला, तेव्हा त्याने मिक अँग्लो यांच्याकडून 1954 मध्ये 'मार्व्हलमॅन' करवून घेतला. म्हणजे नकलेची नक्कल. आणि तीही पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आली.

या प्रकरणाचा शेवट आपण लक्षपूर्वक पाहावा. कॅप्टन मार्व्हलच्या असंख्य कथा ऑटो बाइंडर यांनी लिहिल्या होत्या. 1942 मध्ये आलेली त्याची बहीण मेरी मार्व्हल ही त्यांचीच निर्मिती, चित्रकार मार्क स्वेझ यांच्यासह. फॉसेटचे दार बंद झाल्यावर बाइंडर सुपरमॅनच्या घरात आले आणि 1959 मध्ये त्यांनी सुपरमॅनला चुलतबहीण दिली, सुपरगर्ल. मेरी मार्व्हलची कल्पना घेतली म्हणून सुपरमॅनच्या मालकांवर कोणी दावा लावला नाही. लावणारे कोणी उरलेच नव्हते. 1972 मध्ये त्याच मालकांनी कॅप्टन मार्व्हलचे हक्क भाड्याने घेऊन तो पुन्हा छापायला आरंभ केला. ज्याला चोर म्हणून कोर्टात खेचले तो आता त्यांच्याच घरचा पाहुणा झाला. तोपर्यंत 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव तिसऱ्याच कंपनीने 1967 मध्ये उचलले होते, म्हणून मासिकाचे नाव 'शझॅम' ठेवावे लागले.

म्हणजे क्रिया एकच. नाव मात्र कोण करतो त्यावर ठरले. बळकटाने घेतले तेव्हा ती परंपरा झाली, दुबळ्याने किंवा प्रतिस्पर्ध्याने घेतले तेव्हा ती चोरी झाली. उसनवारीची वही ज्याच्या हातात, जमा आणि नावे तोच लिहितो.

3

वहीचा हा मालक निर्मात्याशी कसा वागला? सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सारे हक्क 1938 मध्ये 130 डॉलरला विकले. ती रक्कम पहिल्या कथेच्या 13 पानांची मजुरी होती. 1947 मध्ये ते कोर्टात गेले. तडजोड झाली आणि त्यांची नावेही अंकावरून गेली. पुढे शुस्टरची दृष्टी अधू झाली, सीगल कारकुनी करू लागला. 1975 मध्ये सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी हवा झाली, तेव्हा या दोघांनी आणि त्यांच्या बाजूच्या चित्रकारांनी जाहीर आवाज उठवला. मग प्रत्येकी वर्षाला 20,000 डॉलर आणि नाव परत मिळाले.

बिल फिंगर यांचे तर त्याहून वाईट. बॅटमॅनचा काळा टोप, वटवाघळाच्या पंखांसारखी झूल, राखी पोशाख, ब्रूस वेन हे नाव यांत त्यांचा हात आहे. परंतु करार बॉब केन यांनी केला, आणि दशकानुदशके छापले गेले ते एकट्या केन यांचे नाव. फिंगर 1974 मध्ये वारले. त्यांचे नाव अधिकृतपणे लागू लागले ते 2015 पासून, मृत्यूनंतर 41 वर्षांनी. शाहिराने गीत रचावे आणि कॅसेटवर दुसऱ्याचे नाव यावे, हा अनुभव आपल्याकडच्या कलावंतांना काही नवा नाही.

4

येथपर्यंतचा व्यवहार गोऱ्या माणसांतला झाला. या उसनवारीत काळ्या माणसाचे स्थान काय होते?

ली फॉक यांचा 'फँटम' फेब्रुवारी 1936 मध्ये, सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी आला. घट्ट पोशाख, डोळ्यांवरचा बुबुळे न दिसणारा मुखवटा, ही महानायकाची वेषभूषा प्रथम त्याच्याकडे दिसते. पुढच्या कितीतरी नायकांनी ती उचलली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने 1964 पासून त्याला आणले आणि मराठीत त्याचे नामकरण 'वेताळ' असे झाले. गावाच्या शिवेवरचा, शेंदूर लावलेल्या दगडांतला, कष्टकऱ्यांचा राखणदार वेताळ. त्याचे नाव मिळाले जंगलातल्या काळ्या लोकांवर राज्य करणाऱ्या एका गोऱ्या पुरुषाला.

या नायकाचे मर्म त्याच्या वंशपरंपरेत आहे. एकवीस पिढ्या बाप मेला की मुलगा तोच मुखवटा घालतो, आणि जंगलातले लोक समजतात की हा एकच अमर पुरुष आहे. बांदर जमातीचे बुटके लोक त्याचे रहस्य राखतात, त्याची गुहा राखतात, पण चारशे वर्षांत त्यांच्यातला एकही माणूस त्या कवटीच्या सिंहासनावर बसत नाही. आपल्याकडे याला वतन म्हणतात. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ही चित्रे मिटक्या मारीत पाहिली आणि आपण त्या चित्रात नेमके कोठे उभे आहोत हे कोणी आम्हांला सांगितले नाही. फॉक यांच्याच 1934 च्या मँड्रेकमध्ये लोथार आहे: सात राष्ट्रांचा राजपुत्र, अंगात अफाट ताकद, आणि काम गोऱ्या जादूगाराची चाकरी. 1965 पर्यंत त्याला बिबळ्याचे कातडे नेसवले गेले आणि मोडके इंग्रजी बोलायला लावले गेले.

याला काळ्या माणसाने दिलेले पहिले ठळक उत्तर 1947 चे. फिलाडेल्फियातील पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढले. लेखक काळे, चित्रकार काळे. त्यात लायन मॅन होता. जंगलाचा राखणदार हा साचा गोऱ्यांच्या कथांतलाच, पण येथे राखणदार स्वतः काळा, महाविद्यालयात शिकलेला शास्त्रज्ञ, आफ्रिकेतील युरेनियमच्या साठ्यावर नजर ठेवणारा. दुसरा अंक तयार होता. त्यासाठी इव्हान्स यांना कागद मिळू शकला नाही. ज्यांच्याजवळ छापखाना आणि कागद नाही, त्यांची निर्मिती एका अंकात कशी संपते याचे हे उदाहरण नियतकालिके चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

5

आता मी पँथरकडे येतो. अलाबामा राज्यातील लाउंड्स परगण्यात सुमारे 80 टक्के लोक काळे होते, आणि 1965 च्या आरंभी त्यांच्यातल्या जवळजवळ कोणाचेही नाव मतदारयादीत नव्हते. स्टोकली कार्मायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे काळ्यांचा स्वतंत्र पक्ष उभा करण्यास मदत केली. अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी तेथे पक्षाला चिन्ह लागे. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा होती. काळ्यांनी चिन्ह घेतले काळा पँथर. पुढे ऑक्टोबर 1966 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला, त्याचे नाव आणि चिन्ह या परगण्यातून आले.

याच दरम्यान, जुलै 1966 ही तारीख असलेल्या 'फँटास्टिक फोर'च्या 52 व्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर आणला: आफ्रिकेतील वाकांडा या कल्पित राष्ट्राचा राजा टी'चाला. नाव सारखे होणे हा योगायोग असे ली सांगत. ते काहीही असो. पहिल्यांदाच एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या अंकात एक काळा महानायक उभा राहिला, आणि तोही कोणाचा चाकर म्हणून नव्हे. त्याचे राष्ट्र विज्ञानात गोऱ्यांच्या पुढे आहे. फॉकच्या जंगलाचा साचा येथे उलटा झाला.

पण नावाचे ओझे कंपनीला पेलवेना. फेब्रुवारी 1972 च्या अंकात टी'चालाने आपले नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' असे ठेवले, कारण 'पँथर' म्हटले की लोकांना राजकीय पक्ष आठवे. ही माघार टिकली नाही. थोड्याच काळात जुने नाव परतले. मात्र ते साल आपण नीट पाहिले पाहिजे. ज्या 1972 साली अमेरिकेतल्या कागदी पँथरला हे नाव जड झाले, त्याच 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी तेच नाव आपल्या खांद्यावर घेतले. विक्रीच्या हिशेबाने जे नाव धोक्याचे, ते गावोगावच्या अत्याचारांचा जाब विचारणाऱ्यांना हवेसे वाटले. याला नक्कल म्हणणाऱ्यांनी सांगावे, नक्कल करणारा कधी धोका उसना घेतो काय?

आणखी एक गोष्ट. 1973 च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्यात अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी असलेले नाते उघड सांगितले आहे. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव पहिल्याच कागदावर लिहिले. बिल फिंगर यांचे नाव लिहायला ज्यांना दशके लागली, त्यांच्या वहीशेजारी हा कागद ठेवून पाहावा.

6

उसने घेऊन मूळ कथेलाच प्रश्न विचारता येतो, याचे मला सापडलेले सर्वांत सकस उदाहरण 1993 चे आहे. ड्वेन मॅकडफी, डेनिस कावन, मायकेल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या काळ्या निर्मात्यांनी 'माइलस्टोन' ही संस्था काढली. छपाई आणि वितरण सुपरमॅनच्या कंपनीकडे, पण हक्क स्वतःकडे, अशी अट त्यांनी घातली. त्यांच्या 'आयकॉन' या मासिकाने सुपरमॅनची जन्मकथा जवळजवळ जशीच्या तशी उचलली. परग्रहावरचा जीव, आकाशातून पडणारा पाळणा, त्याला उचलणारी माउली. बदल इतकाच की, पाळणा पडतो 1839 साली, दक्षिणेतल्या कापसाच्या शेतात, आणि त्याला उचलते मिरियम नावाची गुलाम स्त्री. ज्या माणसाचा पहिला स्पर्श होतो त्याचे रूप त्या जीवाला मिळते. म्हणून तो काळा होतो, आणि काळा म्हणून गुलाम होतो.

एवढ्या एका बदलाने सुपरमॅनच्या कथेचा पाया उघडा पडतो. सुपरमॅनचा पाळणा गोऱ्या शेतकरी जोडप्याच्या हाती लागला, म्हणून त्याचे बळ देशाचे बळ ठरले. तोच पाळणा शेजारच्या शेतात पडला असता तर? आपल्याला हा प्रश्न परका नाही. कुंतीने सोडलेली पेटी अधिरथ सूताच्या घरी पोचली आणि कवचकुंडले अंगावर असूनही कर्ण सूतपुत्र ठरला. बळ कोणते आहे याला समाज विचारत नाही. पाळणा कोणाच्या दारात पडला हे विचारतो.

आयकॉनला मोठे वय आहे, म्हणून तो आपलाच मुलगा, नातू, पणतू असल्याचे भासवत जगतो. वेताळाच्या घराण्यात एकवीस माणसे एक असल्याचे सोंग करतात. येथे एक माणूस चार पिढ्यांचे सोंग करतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो श्रीमंत वकील आहे, ज्याने त्याने आपल्या कष्टाने वर यावे असे मानणारा. त्याला जाब विचारते रॅकेल अर्विन, गरीब वस्तीतली, पुस्तके वाचणारी पोरगी. तुझ्याजवळ बळ आहे तर ते खालच्यांसाठी का वापरत नाहीस, हा तिचा प्रश्न. वर चढलेला आणि खाली राहिलेले यांच्यातला हा वाद आपल्या वस्त्यांतून, आपल्या सुशिक्षितांच्या घरांतून रोज चालू आहे. महानायकाला महानायक करते ती ही पोरगी. माइलस्टोनचे हे अंक 1997 पर्यंत चालले.

7

तेव्हा उसने घेतले की नाही, हा प्रश्न मी बाद ठरवतो. सारेच घेतात. आमच्या चळवळीनेही घेतले आहे. आंबेडकरी जलशाने तमाशाचा बाज घेतला, सत्यशोधक जलशाकडून धडे घेतले, आणि त्याच ढोलकीवर गुलामीच्या इन्काराचे बोल बसवले. विचारायचे प्रश्न तीन आहेत. घेतलेल्याचे ऋण सांगितले काय? घेऊन त्याचा अर्थ कोणाच्या बाजूने वळवला? आणि त्यावर मालकी शेवटी कोणाची राहिली?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही. तिसऱ्या प्रश्नापुढे मात्र आपण अजून कच्चे आहोत. ऑरिन इव्हान्स यांना कागद मिळाला नाही. मॅकडफी यांनी हक्काची अट आधी घातली, मग चित्र काढले. या दोन घटनांमधली 46 वर्षे काळ्या कलावंतांना काय शिकवून गेली, ते आपल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी समजून घ्यावे. जलशांतल्या गायकांची, गाणी रचणाऱ्या अनाम शाहिरांची, पत्रके लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांची नावे ठिकठिकाणच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. ती विचारून, तारखेसह आणि गावासह, लिहून घेण्याचे काम आताच केले पाहिजे. ती नोंद आपल्या हाती नसेल, तर उद्या आपल्याच गाण्याची नक्कल केल्याचा आरोप आपल्या नातवंडांवर येईल, आणि तो खोडून काढायला त्यांच्याजवळ एकही कागद नसेल.